उशिरा पडणारा गिअर

अमेरिकेतल्या फ्लिंट गावात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा वैद्य म्हणजे लेस्टर प्रुइट. गिअर उशिरा पडतो म्हणून रडत आलेल्या निम्म्या गिऱ्हाइकांना तो तसाच हाकलून लावी. "गिअरबॉक्स धडधाकट आहे, बाबा. पाय तपासून घे! गॅसचं पेडल दाबून ठेवलंस तर तो बिचारा बदलणार कधी?" गिऱ्हाईक ओशाळायचं आणि लेस्टर पोट धरून हसायचा.

आता गॅरेज बंद होतं, रक्तातली साखर वाढली होती, आणि त्याची स्वतःची जुनी ब्यूक गाडी पहिल्या गिअरमध्येच बोंबलत राहायची. थोरला भाऊ हार्लन याचा पाय साखरेनंच गुडघ्यापासून गेला होता, त्यामुळे घरात पायाचा विषय काढायची सोय नव्हती. बायको व्हर्नाने एकदा काढला, तर हा उखडला. "मला काही झालेलं नाही. झालंय ते गाडीला!"

मग तो गाडीच्या मागे हात धुऊन लागला. दिवसभर नाड्या सोडलेल्या बुटांत वावरत त्याने व्हॅक्यूमची नळी बदलली, गिअर कधी बदलायचा ते ठरवणारा गव्हर्नर नावाचा भाग धुतला, गॅसच्या पेडलच्या दांड्याची लांबी जमवली. त्यात दांड्याची बारीक पिन हातातून निसटली. सगळी जमीन झाडूनही सापडेना, तेव्हा शिव्या हासडत त्याने दुसरी घातली. गिअर तरी उशिराच.

पुन्हा चक्कर मारायला निघाला, तशी व्हर्ना दारात आली. "सरक. मी चालवते."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"काही नाही. तू नुसता ऐक."

तिने गाडी काढली. पहिला, दुसरा, तिसरा, सगळे गिअर अलगद आणि वेळेवर पडले. "बघ! केली की नाही नीट?" लेस्टर आनंदाने ओरडला. व्हर्नाने गाडी घराकडे वळवली. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी तीच होती, रस्ताही तोच. पाय तेवढा दुसरा होता.

घरी येऊन तो पायरीवर बसला आणि उजवा बूट काढला. मोजा काळा पडून तळव्याला चिकटला होता. व्हर्नाने तो ओढून सोडवला. दुखायला हवं होतं. दुखलं नाही, याचीच त्याला भीती वाटली. सुजलेल्या मांसात ती हरवलेली पिन रुतून बसली होती.

"डॉक्टरला फोन करते," व्हर्ना म्हणाली.

"आधी हार्लनला कर," लेस्टर म्हणाला. "सुरुवातीला कुठपर्यंत कापतात, ते विचार."