दोघांवर अवलंबून

चष्म्याच्या काचा घासण्यात आयुष्य गेलं, म्हणून लोक त्यांना काचवाले काका म्हणत. दुकान विकल्यावर ते तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत एकटे राहत, स्वतः रांधून खात. वर्षभरात गुडघ्यांनी हात टेकले होते. दोन मुलांपैकी एकाने तरी 'बाबा, चला घरी' म्हणावं, याची ते वाट पाहत. मागण्याचा स्वभाव नव्हता.

मग करखात्याचं पत्र आलं, थोरल्यालाही, धाकट्यालाही. वडील आपल्यावर अवलंबून आहेत असं दाखवून दोघांनीही विवरणपत्रात सूट घेतली होती. एक बाप दोन ठिकाणी अवलंबून असू शकत नाही, तेव्हा चुकलेल्याने मुदतीत दुरुस्ती करावी, असं खात्याचं म्हणणं. तो एकाही ठिकाणी नाही, हे खात्याच्या गावीही नव्हतं.

कित्येक वर्षांनी दोघं भाऊ एकाच वेळी खोलीवर आले. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला.

"बाबा कुणाकडे राहतात त्याचा पुरावा मागतायत," थोरला म्हणाला.

"मग तूच दाखव, दादा. मोठ्याचा मान."

"छे! बाबांचा जीव तुझ्यावर. कडेवरून खाली ठेवत नव्हते तुला."

"तुझ्याकडे एक खोली जास्त आहे."

"तिथे हिचं शिलाई मशीन असतं. तुझ्याकडे लिफ्ट आहे की."

"ती चालते कुठे?"

दुकानाच्या पैशांवरून एकमेकांचं तोंड न पाहणारी मुलं इतकी उदार झालेली काकांनी प्रथमच पाहिली.

"अरे, मला तरी विचारा."

"तुम्हाला यातलं काही कळायचं नाही, बाबा," दोघं म्हणाले. एकमत झालं ते एवढ्यावरच.

काही दिवसांनी थोरल्याचा फोन आला. "दुरुस्ती केली, बाबा. माझ्याकडून तुमचं नाव काढलं. आता धाकटा येईल न्यायला."

काकांनी पिशवी भरली. दाढीचं सामान वर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी धाकट्याचा फोन. "सुटलो बुवा! मी तुमचं नाव काढलं काल. दादा कधी येतोय?"

"तो म्हणाला, तू येणार."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दुरुस्तीची दुरुस्ती होत नाही का रे?"

"मुदत कालच संपली, बाबा."

"बरं, बरं. दंडबिंड नाही ना पडला कुणाला माझ्यापायी?"

"नाही हो. प्रामाणिकपणाबद्दल दोघांनाही आभाराचा मेसेज आलाय."

"मग झालं तर," काका म्हणाले.