जगाची भूक आणि आमचा नववीचा वर्ग

देशानं जगाला दार उघडलं, असं पेपरात रोज छापून यायचं, त्या वर्षांतली ही गोष्ट. आमच्या गावापर्यंत त्यातलं फार काही पोचलं नव्हतं. जवळच्या सिरसाळ्याच्या स्टँडवर एसटीडीची पिवळी पाटी लागली होती, सरपंचांच्या माडीवर डिशची पांढरी छत्री आली होती, आणि आमच्या शाळेत एक परिपत्रक आलं होतं. शाळेच्या एका वर्गावर पत्रे नव्हते, पण परिपत्रकावर तीन शिक्के होते. विषय : जागतिक भूक आणि शाश्वत शेती. विद्यार्थ्यांशी चर्चा घडवून आणावी, फोटोसह अहवाल पाठवावा, आणि दसऱ्यानंतर अंबाजोगाईला होणाऱ्या भाषणाच्या स्पर्धेला एक विद्यार्थी पाठवावा.

हेडमास्तरांनी कागद वाचला, त्याची चौघडी केली आणि माझ्या खिशात सारली. "तुमी भूगोलाचे. जग तुमच्याकडंच हाय."

मी नवा होतो. बी.एड. ताजं होतं. प्रश्न नीट विचारला की पोरं नीट विचार करतात, असं मला मनापासून वाटायचं. आता ते आठवलं की हसू येतं, आणि थोडी लाजही वाटते.

पहिल्याच तासाला मी फळ्यावर जगाचा नकाशा टांगला आणि विचारलं, "जगात एवढी माणसं उपाशी का राहतात?" मग मागून एक जण म्हणाला, "सर, तिकडं बी आपल्यासारखंच पाऊस पडंना झालाय का?" दुसऱ्यानं विचारलं, "त्यांच्याकडं रेशनचं दुकान कोण चालवतं?" वर्ग खो खो हसला, कारण गावात ते दुकान कोण चालवतं हे सगळ्यांना माहीत होतं. मी शाश्वत शेतीकडे वळलो. पाणी कमी, तर ऊस कमी लावावा, असं सांगितलं. पहिल्या बाकावर गावातल्या मोठ्या बागायतदाराचा मुलगा बसायचा. तो उठून म्हणाला, "सर, हे आमच्या बापूंना येऊन सांगा." मी काही बापूंना सांगायला गेलो नाही.

मग उसाचं पाचट जाळू नये, कुजवावं, त्याचं खत होतं, जमीन सुधारते, असं मी लिहून देत होतो. तेव्हा शेवटच्या रांगेतून एक मुलगी म्हणाली, "सर, फड पेटवून दिला तर पात्यानं हात कापत न्हाईत. मला जळलेला फडच आवडतो."

मी फळ्यावरचं वाक्य पूर्ण केलं आणि त्याच्याखाली रेघ मारली.

ही मुलगी लहानपणी ऊसतोडीच्या फडावरच वाढलेली. दरवर्षी दसरा झाला की तिचे आईबाप ट्रकात बसून कारखान्याकडे जायचे ते होळीलाच परतायचे. गेली चार वर्षं आजीनं तिला गावात ठेवून घेतलं होतं, म्हणून ती नववीपर्यंत आली. आजी त्या उन्हाळ्यात वारली. आता यंदा तिला फडावर जावं लागणार, हे उघड होतं. आणि फडावर गेलेली नववीतली पोरगी परत वर्गात येत नाही, हेही आम्हाला ठाऊक होतं. तिचं लग्न लावून देतात, आणि पुढच्या दसऱ्याला ती नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ट्रकात चढते. हुशार होती, भांडखोर होती, आणि तिला दहावी व्हायचं होतं. हे ती सगळ्यांना सांगत सुटायची.

नुसत्या चर्चेनं काही होईना, तेव्हा मला एक जबरदस्त कल्पना सुचली. पोरांना भूक म्हणजे काय ते अनुभवू द्यायचं! श्रावण चालू होता. सोमवारी बहुतेक घरांत उपास असतोच. म्हटलं, येत्या सोमवारी सगळ्यांनी उपास करायचा, आणि भूक लागली की चर्चा करायची. हेडमास्तरांना कल्पना फार आवडली. फोटोवाल्याला सांगून ठेवलं.

सोमवारी वर्गात पाऊल ठेवलं तर काय! बाकाबाकावर डबे. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, राजगिऱ्याचे लाडू, केळी. सरांनी उपास सांगितलाय म्हटल्यावर गावातल्या आया पहाटेपासून कामाला लागल्या होत्या. आमच्या भागातला उपास मला लहानपणापासून माहीत होता. मी स्वतः दर सोमवारी घरी वाटीभर खिचडी संपवून वर दही मागायचो. तरीही हे माझ्या डोक्यात आलं नाही, याला अक्कल गहाण ठेवणं म्हणतात.

फोटोवाला आला होता, म्हणून चर्चा करणं भाग होतं. मी एकाला उठवून विचारलं, "कसं वाटतंय?"

"सर, झोप येतीया."

दुसऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "तेल लई झालं. पित्त होईल." हेडमास्तर दाराशी उभे राहून तिसरा लाडू खात होते.

मग मी शेवटच्या रांगेतल्या तिला विचारलं. ती उठली नाही. बसूनच म्हणाली, "मला आधी खायला द्या, मग इचारा. मला काय सुचंना झालंय."

तिनं खरंच काही खाल्लं नव्हतं. सर म्हणाले उपास, म्हणून ती रात्रीपासून तशीच होती, आणि साबुदाणा काही तिच्या घरी नव्हता. पोरं हसली, मग डबे मागे सरकले, आणि तिनं भांडल्यासारखं खाल्लं. हात धुऊन आली आणि न विचारता बोलायला लागली.

"तुमी म्हणता जगात धान्य कमी न्हाई. हितं बी कमी नव्हतं. पर मी मागं बसलेली. मी बोंबलल्यावर डबा मागं आला. जे बोंबलत न्हाईत त्यांचं काय?"

हेडमास्तरांनी लाडू गिळला. "स्पर्धेला हीच जाईल," ते म्हणाले. मीही खूश झालो. अहवालात मी 'उपक्रम अत्यंत यशस्वी' असं लिहिलं.

भाषण आम्ही दोघांनी मिळून तयार केलं. ती बोलायची, मी वहीत उतरवायचो. मधेच थांबून ती विचारायची, "सर, मी दसऱ्यानंतर असंल का हितं?" मी म्हणायचो, "बघू." हा शब्द मी त्या दोन महिन्यांत किती वेळा वापरला असेल, देव जाणे.

दसरा तोंडावर आला तेव्हा मी तिच्या वडिलांकडे गेलो. ते अंगणात बसून फडावरच्या झोपडीसाठी चटया बांधत होते. मी शिक्षणाचं महत्त्व सांगायला लागलो, पण त्यांनी मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊ दिलं नाही.

"शिकू नये असं कुणाला वाटतं, गुरुजी? ज्वारी हाय घरात, पोतं तुमच्याकडं आणून टाकतो. पर वयात आलेली पोरगी एकटी कुणाच्या भरवशावर ठिवू? होळीपस्तोर तुमच्याकडं राहू द्या. बाई हायत घरात. ही कामाला बी हात लावील."

इतकं सरळ उत्तर मी धरलंच नव्हतं. "घरात विचारून सांगतो," म्हणालो आणि निघालो.

घरी आलो. बायको तांदूळ निवडत होती. आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. घरमालकाचं देवघर आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून. मुलगी कुठल्या वस्तीतली हे त्याला माहीत होतं, आणि तो काय म्हणेल हे मी त्याला न विचारताच ठरवून टाकलं. मग लोक काय म्हणतील तेही ठरवलं. मग आपली गैरसोय किती होईल ते मोजलं. बायको समोरच बसली होती, पण तिला मी काही विचारलं नाही. तिनं हो म्हटलं असतं, याचीच मला भीती होती.

तिसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन सांगितलं, "आमच्या घरात जमत नाही म्हणतात."

वडिलांनी मान हलवली. "बाईंचं बी खरं हाय. दुसऱ्याची पोर, जोखीम असती." माझ्या बायकोची बाजू त्यांनी माझ्यासमोर मांडली, आणि मी ती ऐकून घेतली. मुलगी दारात होती. आत जाऊन तिनं भाषणाची वही आणली आणि माझ्या हातात दिली. "दुसऱ्या कुणाला तरी पाठ करावं लागंल ना, सर." दोन दिवसांनी ट्रक गेला.

भाषण बागायतदाराच्या मुलानं पाठ केलं. 'मी मागं बसलेली' याचं 'मी मागे बसलेलो' केलं, बाकी काही बदललं नाही. हा मुलगा जन्मात कधी मागच्या बाकावर बसला नव्हता. अंबाजोगाईच्या सभागृहात तो असा काही बोलला की एका परीक्षकानं चष्मा काढून डोळे पुसले. आम्हाला ढाल मिळाली. मी ती शाळेत ठेवायच्या आधी बायकोला दाखवावी म्हणून दुपारी थेट घरी घेऊन आलो. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

बायकोनं ढालीकडे पाहिलं आणि ताट वाढलं. पिठलं, ठेचा, आणि चार भाकरी. मी दोन खातो.

"एवढ्या कशाला?"

"दोन त्या पोरीच्या हायत," ती म्हणाली. "हापशावर बाया सांगत होत्या, तिला ठिवायला मी न्हाई म्हणले म्हणं. मी कवा म्हणले ते मलाच ठाव न्हाई. आता तुमीच खावा."

ती उठून बाहेरच्या खोलीत गेली. हाक मारावी असं वाटलं, पण हाक मारून काय सांगणार होतो? मग खाली मान घालून जेवायला लागलो. माझ्या दोन झाल्या, आणि पुढच्या दोनही मी खाल्ल्या. भूक लागली होती.