पूजेला मांडलेल्या बंदुका

संतोष गांगुर्डे आठवडाभर द्वारका चौकाजवळच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात पार्सलांच्या नोंदी करायचा आणि रविवारी अंगभर रंग घेऊन घरी यायचा. सिडकोतल्या त्याच्या गल्लीत सुरुवातीला बायका स्नेहाला विचारायच्या, "काय गं, तुमच्याकडे दर रविवारी रंगपंचमी असते का?" स्नेहा हसायची आणि नवऱ्याचा शर्ट साबणाच्या पाण्यात बुडवायची.

खेळाचं नाव पेंटबॉल. हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुका आणि त्यात रंगाच्या गोळ्या. ज्याच्या अंगावर गोळी फुटली तो बाद. त्र्यंबक रस्त्याला एका माळावर टायर आणि ड्रम रचून मैदान केलेलं. तिथं संतोषनं ओळखीपाळखीची माणसं गोळा करून संघ उभा केला, त्याचं नाव ठेवलं 'तपोवन पलटण'. बंदुका मैदानवाल्याच्या, भाड्याच्या. एखादी ऐन वेळी रुसून बसायची. कपडे ज्याचे त्याचे, जुनेपाने. संघात सगळ्यात तयार हात योगिनीचा. दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त काढणारी ही मुलगी ड्रमाआड अशी दडायची, की समोरच्याला वाटावं तिथं कुणी नाहीच.

मग फकिराभाऊ आले. मूळचे चांदवडकडचे, आता द्वारकेजवळ मोटर-पंपांचं मोठं दुकान. भाच्याच्या वाढदिवसाला म्हणून सहज मैदानावर आले आणि खेळ बघून खूश झाले.

"लय भारी खेळता राव! अन् हातात असल्या फुटक्या बंदुका? उद्या दुकानावर या."

माणूस शब्दाला जागला. नव्या कोऱ्या बंदुका आल्या, जर्सी आल्या. छातीवर निळा पंप आणि त्यातून उसळणारं पाणी. संघाचं नाव तेवढं बदललं, 'फकिरा पंप्स'. संतोषनं नवश्या गणपतीला जाऊन नारळ फोडला. देवानं आपलं ऐकलं, असंच त्याला वाटलं, आणि त्यात त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही.

पुढचं हळूहळू आलं. मालेगावच्या नव्या दुकानाच्या उद्घाटनाला संघ हवा. सगळे जर्सी घालून, बंदुका खांद्याला लावून उन्हात दाराच्या दोन्ही बाजूंना उभे. शेतीच्या प्रदर्शनात संघ हवा. तिथं एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं संतोषला गाठलं, "साहेब, तीन एचपीचा पंप किती फूट पाणी चढवतो?" संतोषला काय माहीत! पुढच्या खेपेपर्यंत त्यानं तेही पाठ केलं. सरावाचे रविवार असे एकेक करून उद्घाटनांच्या पोटात गेले. स्नेहा म्हणायची, "आता शर्टाला रंगसुद्धा लागत नाही हो तुमच्या." तो पाठ टेकून डोळे मिटायचा.

आणि मग संघात संघर्ष आला. फकिराभाऊंचा भाचा. पोरगा मनानं चांगला, पण गोळी लागली का ते बघायला आडोशातून उठून उभा राहायचा. त्याला घ्यायचं म्हणजे कुणाला तरी बसवायचं. कुणाला बसवावं हे संतोषला सांगवेना, तेव्हा योगिनीच म्हणाली, "बसते मी, दादा. तसाही आपल्यात तो जर्सीवरचा पंपच जास्त खेळतो."

सगळे हसले. संतोषही हसला, पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

त्याचे गुडघे आता बोलू लागले होते. डॉक्टरांनी वाकून पळणं बंद करायला सांगितलं, तेव्हा त्यानं हात जोडले, "एवढं वर्ष होऊ द्या." नवरात्रात मैदानावर मोठी स्पर्धा होती आणि पहिल्यांदाच त्यांचा संघ अंतिम सामन्यात पोचला. सामना खंडेनवमीला दुपारी, पुण्याच्या संघाशी. हा आपला शेवटचा खेळ, हे त्यानं फक्त स्नेहाला सांगितलं होतं. तो चांगला व्हावा, एवढीच त्याची इच्छा होती.

खंडेनवमीला सकाळीच फकिराभाऊंचा निरोप आला, "बंदुका घेऊन दुकानावर या. शस्त्रपूजा करू, फोटो काढू, अन् देवीचं नाव घेऊन जा खेळायला." संतोषला ते पटलं. घरी स्नेहानंही विळी, कात्री, शिलाई मशीन पूजेला मांडलं होतं. त्यानं स्वतःच्या हातानं लाल कापडावर बंदुका ओळीनं मांडल्या, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. आरती झाली. फोटोवाल्यानं मोप फोटो काढले. गिऱ्हाइकं येऊन नमस्कार करू लागली.

प्रसाद खाऊन संतोष बंदुका उचलायला वाकला, तोच फकिराभाऊ म्हणाले, "हां हां! हात नका लावू!"

"भाऊ, दुपारी सामना आहे."

"अहो, पूजेतलं हत्यार आज उचलत्यात का? उद्या दसऱ्याला उत्तरपूजा करू, मंग न्या."

"पण तुम्हीच म्हणालात, पूजा करून जा."

"जा म्हणलो. घेऊन जा कुठं म्हणलो? माझ्या ध्यानातच नाय आलं बघा. तुमच्या तरी यायला पाहिजे होतं."

"गाडीची पूजा करून आपण चालवतोच की!"

"गाडी वाहन हाय, संतोषराव. हे हत्यार हाय. माझा बा आजच्या दिवशी कोयत्याला बोट लावू देत नव्हता."

योगिनी बाजूला उभी होती. ती हळूच म्हणाली, "दादा, खेळणी आहेत ही. उचला आणि चला."

संतोषनं पाहिलं. कुंकू अजून ओलं होतं. घरी आज कुणी विळी उचलली असती, तर आपणच ओरडलो असतो, हे त्याला माहीत होतं. त्याचा हात काही पुढे होईना.

"मैदानवाल्याच्या घेतो भाड्यानं," तो म्हणाला.

फकिराभाऊंचा चेहरा उतरला. "माझं नाव लावून भाड्याच्या बंदुका? अन् पुण्याच्या पोरांसमोर? लोक म्हणतील फकिराभाऊ कंगाल झाला. त्यापरीस नका खेळू यंदा. पुढच्या वर्षी हायच की स्पर्धा."

पुढचं वर्ष. संतोष तिथंच, पंपाच्या एका खोक्यावर, टेकला. त्याला भांडायचं नव्हतं. उद्घाटनांचे ते सगळे रविवार आणि योगिनीचं बाकावर बसणं, सगळं त्याला एकदमच आठवलं.

"मग तुमचं नाव काढून घ्या, भाऊ," तो म्हणाला. "आम्ही आमच्या नावानं खेळतो."

त्यानं जर्सी डोक्यावरून काढली, घडी करून खोक्यावर ठेवली आणि बनियनवर बाहेर पडला. मागून एकेक जण तसाच आला. योगिनीनं जर्सी ओढणीच्या आडोशानं बदलून मागून धाडली. संघर्ष मात्र मामांकडे बघत दारातच थांबला.

स्पर्धावाल्यांनी नाव बदलायला जरा कटकट केली, पण बदललं. भाड्याच्या बंदुकांपैकी एक पहिल्याच फेरीत रुसली. पुण्याची पोरं तरुण, चपळ. संतोष तिसऱ्या ड्रमापर्यंत पोचला आणि पाठीवर पिवळी गोळी फुटली. तो बाहेर येऊन गवतात बसला. योगिनी शेवटपर्यंत टिकली, एकटीनं दोघांना रंगवलं, मग तीही गेली. हरले.

"दादा, वाईट वाटतंय?" तिनं विचारलं.

"गुडघा दुखतोय," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. दुसरं काही त्याला वाटत असेल, तर ते सांगायचं त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आपट्याची पानं घेऊन तो दुकानात गेला. वयानं मोठा माणूस. सणाला पाया पडायला जाणं सुटत नाही. फकिराभाऊंनी पानं घेतली, त्याला छातीशी धरलं, चहा मागवला. उत्तरपूजा झाली होती. बंदुका परत खोक्यात भरलेल्या होत्या.

"संघर्षचा नवा संघ काढतोय," ते म्हणाले. "राग नाय माझ्या मनात. रविवारी पोरांना शिकवायला येत जा. जर्सी पाठवतो घरी."

संतोषनं चहा संपवला. नाही म्हणायचं, तर कारणं सांगावी लागली असती.

"रविवारी घरी असतो आता मी," तो म्हणाला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.