बुजवलेलं शेततळं

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. त्यामुळे आपण लिहावं की नाही, हेच कळत नाही. माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे वर्गात आहेत, आणि ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांना विचारलेलंही नाही. चुकलं तर माफ करा.

दुधनीजवळ आमचं थोडं रान आहे. त्यात आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, डाळिंब लावलं होतं. आमची बोअर संक्रांतीपर्यंत बरी चालते, शिवरात्रीनंतर नुसती हवा ओकते. हिवाळ्यात शेततळं भरून घ्यायचं आणि उन्हाळ्यात त्यावर झाडं जगवायची, एवढाच विचार होता. अनुदानाचा अर्ज मी मोबाइलवरून भरला, नंबरही माझाच दिला. सोडतीत आप्पांचं नाव निघालं तेव्हा आईनं, आमच्या अव्वानं, गल्लीत गूळ वाटला.

"पूर्वसंमती येईपर्यंत काम सुरू करायचं नाही," मी फोनवर बजावलं. आप्पा "बरं" म्हणाले. पण दसरा तोंडावर आला होता. विहीर असो की घराचा पाया, आमच्याकडे पहिली कुदळ मुहूर्तावरच पडते. आप्पांनी कुदळीला विभूती लावली, नारळ फोडला. तेवढ्यावर थांबले असते तर चाललं असतं. पण शेजाऱ्याचा जेसीबी रिकामा उभा होता. एक बाजू मुरूम लागेपर्यंत खणून झाली.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी असताना कृषी सहायक जागेचा फोटो काढायला आले. खड्डा बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"आप्पा, लग्नाआधीच बारसं उरकलंत की हो!"

"दसऱ्याला कुदळ मारली, साहेब. मुहूर्त सोडायचा व्हय?"

"आमच्या ॲपला दसरा कळत न्हाय. त्याला सपाट रान दिसलं पायजे. असा फोटो गेला तर अर्जच बाद." मग आवाज उतरवून म्हणाले, "बुजवा. मी परत येतो."

माणूस वाईट नव्हता.

बुजवायला जेसीबी मिळाला नाही. आम्ही तिघांनी पाट्यांनी माती ओढली. एकदा उकरलेली माती पुन्हा त्याच खड्ड्यात मावत नाही. उंचवटा राहिलाच. आप्पा त्यावर अनवाणी पाय आपटत फिरत राहिले.

"खणताना नारळ फोडला, आता बुजवताना काय फोडायचं?" अव्वा म्हणाली. कुणी हसलं नाही. वरून तिनंच तुराट्या पसरल्या. फोटोत आप्पा त्या जागेवर ताठ उभे आहेत.

मग नुसती वाट. कॉलेज सुटल्यावर मी संध्याकाळी शहरात नव्या पेठेत कपड्याच्या दुकानात काम करतो. आप्पांचा फोन तिथंच यायचा.

"काय म्हनतंय?"

"छाननी सुरू आहे."

"बरं."

संक्रांत गेली, शिवरात्रही गेली. चिंचोळी एमआयडीसीत गेटवर माणूस पाहिजे, असं मामांनी सुचवलं तेव्हा आप्पा कानडीत एवढंच म्हणाले, "ब्याड." नको. त्यांनी ब्याड म्हटलं की विषय संपतो.

पुढं त्यांचे फोन कमी झाले. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं, कारण सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

वैशाखात एका संध्याकाळी गिऱ्हाइकापुढं साड्या उलगडताना मोबाइल वाजला. पूर्वसंमती मिळाली होती. काम सुरू करावे, असं लिहिलं होतं. मी बाहेर रिक्षांच्या गर्दीत उभं राहून घरी फोन लावला.

"अव्वा, मंजूर झालं! आप्पांना दे की."



"झाडं वाळली रे. उपटून बांधावर टाकलीत," ती म्हणाली. "आप्पा हितं न्हाईत. पाडव्यापास्नं तिकडंच हायत, चिंचोळीला, गेटवर. तुला सांगू नगं म्हनले."