धामणगावचं चंदेरी चाक

मागच्या हिवाळ्यात मैत्रीण वंदनाने फोनवर एक फोटो पाठवला आणि मी त्याच आठवड्यात बॅग भरली. तिच्या काकूंच्या बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचं ते चाक होतं. डिझेल इंजिनाचं, मोठ्या परातीपेक्षा मोठं, अंगभर तांबूस गंज आणि काठावर मात्र वर्षानुवर्षं पट्टा घासून आलेली मऊ चकाकी.

मी भंगारातल्या यंत्रांच्या भागांतून शिल्पं करते. ती ना माणसासारखी दिसतात, ना प्राण्यासारखी. नाशिकच्या माझ्या शेडमध्ये ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे जोडून केलेलं एक शिल्प कित्येक महिने अर्धं उभं होतं. त्याच्या माथ्यावर काहीतरी गोल, जड आणि झिजलेलं हवं होतं. फोटो पाहिला आणि वाटलं, हेच.

संभाजीनगरहून बुलढाण्याची एसटी धरली. वाटेतल्या धाड गावात बाजाराचा दिवस होता, गाडी मेथीच्या जुड्यांनी आणि पिशव्यांनी भरून गेली. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "कुठं चालल्या, ताई?"

"धामणगाव बढेला. चाक आणायला."

"गाडीचं?"

"गिरणीचं."

"गिरणी टाकून राह्यल्या का?"

"नाही. ते नुसतं उभं करून ठेवणार आहे."

त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं आणि पिशवीतून पेरू काढून दिला. "खा. लांब आहे अजून."

बुलढाण्याहून जीपने राजूर घाट उतरून मोताळा, मग पुढे. जीप भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा हाताशी वेळ ठेवा. रोहिणखेडची जुनी दगडी मशीद पाहण्यासाठी मी मध्येच उतरले. आत गारवा होता. भिंतीला हात लावून थोडा वेळ नुसती बसले. आडवाट झाली तरी चालेल, पण हे चुकवू नका.

धामणगावला काकू दारातच उभ्या होत्या. साठीच्या, हसऱ्या, पदर खोचलेल्या. पाणी देण्याआधी हाताला धरून मला गिरणीच्या खोलीत घेऊन गेल्या.

चाक पाटावर ठेवलं होतं. झगझगीत चंदेरी. आरे लाल रंगवलेले, वर झेंडूचा हार.

"रॉकेलनं घासून घेतलं, मंग रंग दिला," काकू म्हणाल्या. "घरातून जाऊन राह्यलं, तर उघडंबोडकं कसं पाठवावं?"

त्यांचा मुलगा संतोष दाराला टेकून हसत होता. "पोळ्याच्या बैलाचीही एवढी सजावट नसते, ताई. शिंगं तेवढी राह्यली."

"तू गप रे," काकू म्हणाल्या.

मी 'छान' म्हणाले. पण ज्या झिजेसाठी आले होते, ती त्या रंगाखाली कुठेच दिसत नव्हती.

जेवायला कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी, ठेचा आणि वांग्याची भाजी होती. काकूंनी सांगितलं की काका गेले आणि गिरणी थांबली. आता तिथे संतोषचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होणार. बाकीचं लोखंड भंगारवाला घेऊन गेला. "तो म्हणे, सारं जालन्याले भट्टीत जाते. हे चाक मी देलंच नाही. रोज सकाळी ह्यांनी हातानं फिरवलं, मंग इंजन सुरू व्हायचं. ते वितळावं, हे मले पाहवलं नसतं."

मग त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं. "काऊन वं, जेवण उतरत नाही? रंग नाही आवडला का?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण त्या पाहत होत्या. मी म्हणाले, "काकू, मला ते झिजलेलंच हवं होतं. काका ते फिरवायचे, ते त्या झिजेतच दिसत होतं. हा रंग मला काढावा लागेल."

काकू बराच वेळ भाकरीचा तुकडा मोडत राहिल्या. "हे तं माह्या ध्यानातच नाही आलं," त्या हळूच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "काढजो. पण त्याचं बनवशील काय? देव?"

"नाही."

"माणूस?"

"नाही. नक्की काय, ते मलाही सांगता येत नाही."

"मंग एकच सांगतो. वितळवजो नको."

चाक आणि मी संतोषच्या मित्राच्या पिकअपमधून बुलढाण्याला आलो. तिथून ट्रान्सपोर्टने ते नाशिकला पाठवलं. असं काही आणायचं असेल तर भाडं आणि चढवायला माणसं, दोन्ही आधी ठरवून ठेवा. पिकअप निघताना काकूंनी चाकाला हळदकुंकू लावलं, आणि मग मलाही.

घरी आल्यावर तारेचा ब्रश घेऊन बसले. चंदेरी रंग लवकर गेला. खाली काठाची चकाकी जशीच्या तशी होती, त्यावरून बोट फिरवलं की आरशासारखं गुळगुळीत लागत होतं. आऱ्यांच्या मुळाशी खोबणीत मात्र लाल रंग अडकून राहिला. बारीक छिन्नी घेतली, हात पुढे नेला आणि मागे घेतला. तो रंगही त्या घराचाच होता. तो तिथेच राहू दिला. ओतीव लोखंड वेल्डिंग नीट धरत नाही, म्हणून चाक बोल्टने पाट्यांवर बसवलं आणि काकूंना फोटो पाठवला.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "पाह्यलं," त्या म्हणाल्या. "पोरी, मले काहीच समजलं नाही."

"मग?"

"उभं आहे ना. बस झालं."