झऱ्यावरची पाटी

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. मुलीला नाही, आणि सकाळी कट्ट्यावर भेटणाऱ्या मंडळींना तर नाहीच — त्यांना सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत साऱ्या पेठांतून फिरून माझ्याच कानावर परत आलं असतं. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

मी चित्रकला शिक्षक होतो. अक्षर चांगलं, त्यामुळे शनिवार पेठेत आमच्या आसपास ज्या पाट्या दिसतात त्यातल्या बऱ्याच माझ्या हातच्या. ‘बेल एकदाच वाजवावी. आम्ही झोपलेले असू, बहिरे नाही.’ — ही माझीच. लोक थांबून वाचतात, फोटो काढतात. मला त्याचा गर्व होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

पत्नी गेल्यावर घर फार शांत झालं. मुलगी बंगळूरला, तिचा फोन रविवारी. बाकीचे सहा दिवस? दूधवालासुद्धा पिशवी दाराला अडकवून न बोलता जातो. अशात कोणीतरी सांगितलं, हडपसरच्या पुढे घाट लागतो तिथे रस्त्याकडेला झरा आहे, पाणी अगदी हलकं, डाळ पटकन शिजते. एकट्या माणसाची डाळ ती केवढी! पण मी जायला लागलो. दर शनिवारी, स्कूटरवर पायाशी पाच-पाच लिटरचे दोन कॅन ठेवून.

खरं सांगू? पाण्यासाठी जातच नव्हतो. तिथे रांग असायची. रांगेत माणसं बोलतात.

झऱ्याच्या वर एक वस्ती आहे. तिथल्या बायकांचा नियम होता — हंडेवाल्या आधी, गाडीवाले नंतर. योग्यच होतं, त्यांचं रोजचं पाणी तेच. त्यांच्यात हौसाबाई नावाची सत्तरीची बाई होती. चार-पाच शनिवार तिने मला मागे उभं राहिलेलं पाहिलं आणि एके दिवशी माझे कॅन उचलून आपल्या हंड्यामागे ठेवले. म्हणाली, “मास्तर आपल्यातलंच हाईत.” तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. मी त्या दिवशी घरी येऊन ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं होतं.

उन्हाळ्यात शहरातली गर्दी वाढली. मोटारी यायच्या, डिकीत पंधरा-वीस कॅन. एका शनिवारी माझे कॅन हंड्यांच्या ओळीत पाहून एक तरुण म्हणाला, “काका, तुम्ही पण गाडीवालेच ना? या की मागे.” त्यात चुकीचं काय होतं? काहीच नाही. सगळे हसले. हौसाबाईसुद्धा — पदर तोंडाला लावून, पण हसली. मी निमूट मागे गेलो, दीड तास उन्हात उभा राहिलो. अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

घरी येऊन पत्रा काढला, रंग काढला. सवयीने आधी लिहिलं, ‘झरा आपल्या तीर्थरूपांचा नाही. दोनच कॅन भरावेत.’ पण असल्या पाटीला लोक हसतात आणि वीस कॅन भरतात, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? ते पुसलं. मग सरकारी वळणाचं, कसलीही गंमत नसलेलं अक्षर काढलं — ‘हे पाणी पिण्यास अयोग्य आहे. आदेशावरून.’ कोणाच्या आदेशावरून? ते लिहिलं नाही. आपल्याकडे विचारतो कोण? मंगळवारी भर दुपारी, तिथे चिटपाखरू नसताना, तारेने बांधून आलो.

वस्तीचा विचार मनात आला नाही असं म्हणालो, तर ते आणखी एक खोटं होईल. आला होता. उत्तरही तयार होतं — त्या बायकांना कुठे वाचता येतं? पाटी शहरातल्यांसाठी. त्या आपल्या भरत राहतील, मी त्यांच्यात उभा राहीन, सगळं पहिल्यासारखं होईल. तीस वर्षं शाळेत शिकवलेला माणूस हा!

शनिवारी गेलो तर मोटार एकही नव्हती. आणि हंडाही नव्हता. पाणी तेवढं पडत होतं. रांग नव्हती, आणि मला तिथे काय करायचं ते कळेना. उगाच कॅन लावले.

दुसरा भरत आला तेव्हा वरच्या पायवाटेने हौसाबाई उतरताना दिसली. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, एक पाय ओढत. तिच्या सातवीतल्या नातीने पाटी वाचून दाखवली होती. तेव्हापासून सगळी वस्ती डोंगरातल्या विहिरीवर जात होती, अर्ध्या तासाच्या चढावर. मला पाहून ती जवळजवळ धावतच आली.

“नगा मास्तर, नगा! खराब हाय ते पानी. पाटी लावलीया न्हवं? एकलं ऱ्हाता तुमी, पोट बिघडलं तर कोन बघनार?”

मी काही म्हणायच्या आत तिने माझे दोन्ही कॅन रस्त्यावर उपडे केले. हंडा खाली ठेवला. मग आपली कळशी माझ्या कॅनमध्ये ओतली — धार बारीक धरून, थेंब सांडू न देता.

तेव्हा बोलायचं होतं. हौसाबाई, पाटी माझी आहे, पाणी चांगलं आहे — किती शब्द आहेत हे? मी तोंड उघडलं होतं, खरंच. आणि बाहेर आलं ते, “उपकार झाले.”

“उपकार कसलं त्यात? आनखी एक खेप करीन,” ती म्हणाली. हंडा डोक्यावर चढवायला मीच हात लावला.

पुढच्या मंगळवारी जाऊन पाटी काढली. त्याने काय होणार? पाटी गेली म्हणून पाणी चांगलं झालं, असं कोणी समजत नाही. वाऱ्याने पडली असेल म्हणतात. शनिवारी गेलो तेव्हा पाच-सहा बायका त्याच वाटेने वर चढत होत्या. सगळ्यांच्या मागे हौसाबाई, हाकेच्या अंतरावर. नाव घेतलं असतं तर थांबली असती. ती वळून पाहील म्हणून मी हेल्मेटसुद्धा काढलं नाही. स्कूटर माघारी वळवली.

त्याला आता दोन उन्हाळे झाले. त्या अजूनही वरूनच पाणी आणतात का, मला माहीत नाही. मी जाऊन पाहिलेलं नाही.