वांग्याची गाय

सगळ्यात आधी आली ती समोरच्या पाटकरांची सून. आणि तीही आमच्या वांग्याला पाय का फुटलेत ते बघायला.

तिच्या मुलीने खिडकीतून पाहिलं होतं म्हणे. इथे न्यूझीलंडला, पुकेकोहेत आपली माणसं इतकी झालीत की एका घरात वांगं उभं राहिलं तर दुसऱ्या घरात कळतं.

तिला म्हटलं, बस, चहा घे. आमचा तन्मय यायचाय.

तिने कप खाली ठेवला. कारण तन्मय जानेवारीतच गेला.

माझा नातू. मोटरवेवरून गाडीने घरी जेवायला येत होता, वाटेत अपघात. मी कढी केली होती. ती तशीच राहिली.

पाटकरांची सून आली ती तीन दिवसांपूर्वीची गोष्ट. आज तो परत गेला, म्हणून लिहायला बसले. मी चौथीपर्यंत शिकलेली, चुकलं तर सांभाळून घ्या.

तन्मय आणि त्याचे दोन दोस्त, जेस आणि विरेमू, जपानला फिरायचे. देवळं नि उंच बिल्डिंगी सगळेच दाखवतात. हे तिघं खेड्यातल्या म्हाताऱ्यांच्या मागे मागे. त्या काय करतात, कशासाठी करतात, त्याचे व्हिडिओ टाकायचे. कुठकुठची माणसं बघायची.

मला मात्र सगळ्यांच्या आधी दाखवायचा. त्याला मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. फक्त माझ्यासाठी मोडकंतोडकं बोलायचा.

"आज्जी, इथे मोडलेली सुई फेकत नाहीत. सॉफ्ट टोफूमध्ये ठेवतात. तिने हार्ड काम केलं ना, आता रेस्ट."

मला इतकं आवडलं की मी माझी मोडकी सुई पनीरमध्ये खोचून फ्रीजमध्ये ठेवली. अश्विनीच्या, म्हणजे माझ्या सुनेच्या, तन्मयच्या आईच्या, भाजीत जायची थोडक्यात राहिली.

"आई, तुम्ही दोघं मिळून मला वेड लावणार," म्हणाली. हसली होती तेव्हा.

मग एका ऑगस्टमध्ये त्याने काकडी आणि वांगं दाखवलं.

तिकडे त्या दिवसांत गेलेली माणसं घरी येतात, आपल्या पितरांसारखी. काकडीला काड्यांचे पाय लावायचे, तो घोडा. येताना त्यावर बसून यायचं, भरभर. वांग्याला पाय लावायचे, ती गाय. जाताना तिच्यावर. ती हळू चालते म्हणून.

पोळ्याला मातीचे बैल मी खूप केलेत. पण मी जळगावची, वांगं दिसलं की मला भरीत दिसतं. तसं म्हटलं त्याला.

"आज्जी, डोन्ट ईट द काऊ." हसता हसता फोन पडला त्याच्या हातातून.

तर यंदा तेरा ऑगस्टला सकाळी जेस आणि विरेमू दारात. गेल्यानंतरचं पहिलं वर्ष आहे, करायलाच हवं म्हणाले.

इथे ऐन थंडी. आजूबाजूच्या शेतांत कांदे नि कोबी. पोरांनी काकडी-वांगं कुठून शोधून आणलं, त्यांनाच ठाऊक. काड्यापेटीच्या काड्या खोचल्या आणि दोन्ही जनावरं तन्मयच्या फोटोपुढे उभी केली.

सोळाला गाय बाहेर न्यायला येतो म्हणाले, तोच जायचा दिवस.

अश्विनी किचनच्या दारातच उभी होती. फार्मसिस्ट आहे ती. तन्मय गेल्यावर आठवड्यात कामावर हजर. माझ्यापुढे एकदाही रडली नाही.

"तुम्हाला बरं वाटत असेल तर करा, आई. मी ह्यातलं काही मानत नाही."

मी रोज त्याचं ताट वाढलं. एक दिवस कढी केली.

आज दोघं आले.

घोडा होता. गाय नव्हती.

विरेमूने सोफ्याखाली बघितलं. जेसने डस्टबिनसुद्धा उचकली. माझा मुलगा मला बाजूला घेऊन हळूच म्हणतो, "आई, खरं सांग. भरीत केलंस?"

"अरे, नातवाची गाय खाईन का मी?"

तेवढ्यात तन्मयच्या खोलीचं दार उघडलं. अश्विनी.

हातात त्याची लोकरीची टोपी. टोपीत वांगं. सुरकुतलेलं, तीन पायांचं.

"मी घेतली. काल रात्री."

आणि म्हणाली, "गाय नसली तर तो जाणार कसा, एवढंच डोक्यात आलं."

काही न मानणारी बाई ही.

माझा मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. विरेमू तिच्यापुढे जमिनीवर बसला.

"आंटी, ही विल कम बॅक. एव्हरी इयर."

"आणि नाही आला तर?"

मला तरी कुठे माहितीय.

पण मला तन्मयने सांगितलेलं आठवलं. म्हटलं, "अश्विनी, ती हळू चालते गं. तुला फाटकापर्यंत त्याच्याबरोबर जाता येईल. त्या दिवशी कुठे जायला मिळालं आपल्याला?"

मग तिने विरेमूकडे हात केला. त्याने काडी दिली, तिने चौथा पाय स्वतः लावला.

दोन्ही तळव्यांवर गाय घेऊन निघाली. एवढ्या थंडीत पायात नुसते जॅंडल्स, त्या रबरी चपला. एक पाऊल, थांबायची. पुन्हा एक. लिंबाच्या झाडापाशी पाय निखळला, तो खाली बसून लावला. चल म्हणून कोणी म्हटलं नाही.

लेटरबॉक्सपाशी गाय ठेवली. तोंड रस्त्याकडे केलं.

आणि मग ती रडली. जानेवारीपासूनचं सगळं.

समोर पाटकरांची सून अंगणात कपडे वाळत घालत होती. हातातली चादर तशीच धरून उभी राहिली.

आज्जीला श्रद्धांजली नातवाने लिहायची असते. मी नाही लिहिणार.

तन्मय, सावकाश जा बाळा. रस्ता बघून.

जेस आणि विरेमू पुढच्या तेरा ऑगस्टला येतो म्हणालेत.

अश्विनीने त्या दिवशीची रजा आत्ताच टाकलीय.